स्नेहलचा साकव

२ डिसेंबर, सोमवार

शेवटी कोल्हापुरात आले. पुण्याच्या नोकरीला रामराम ठोकला तेव्हा मैत्रिणींनी मला वेड्यात काढलं होतं, पण इथून मुरगूड तासाभरावर आहे आणि आई तिथे एकटी आहे, ती आणि तिची म्हैस. दर शनिवारी घरी जाता येईल. आईने फोनवर पहिलं काय विचारलं, तर तिथलं दूध कसं आहे.

ऑफिस राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली भडंगाचं दुकान आहे, त्यामुळे सकाळपासून लसणाच्या फोडणीचा वास येतो आणि अकरालाच भूक लागते. आमची कंपनी गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्राम बनवते. शेतकऱ्याने कॅन आणला, दूध मापलं, फॅट लागली, की लगेच पावती छापून हातात. मालक उदयसिंह सर मोठ्या आवाजाचे आणि मोठ्या मनाचे आहेत. सर्व्हर सांभाळायला अमीनभाई आहेत, ते मोजकंच बोलतात. त्यात आता मी, क्रांती. एवढंच ऑफिस.

इथे चार वाजता चहा नाही, दूध येतं. कट्ट्यावरून, म्हणजे म्हशी उभ्या करून समोर धार काढतात तिथून, ताजं धारोष्ण दूध आणतात आणि प्रत्येकाचा स्टीलचा पेला आहे, त्यावर नाव कोरलेलं. मला अर्थातच आज काचेच्या ग्लासात मिळालं. खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं म्हणून मी तिथे पर्स ठेवली, तर सर म्हणाले, तिथं नको, ती स्नेहलची जागा हाय, सुट्टीवर हाय ती, येईल. मला प्रिंटरशेजारी बसवलं. सरांनी तिच्या पेल्यातही दूध ओतलं आणि तिच्या टेबलावर नेऊन ठेवलं. संध्याकाळी निघताना बघितलं तर त्यावर जाड साय धरली होती.

कंपनीने लॅपटॉप दिला आहे आणि सर्व्हरवर माझ्या नावाचं फोल्डर. ही रोजनिशी त्यातच ठेवली आहे. संध्याकाळी सगळे गेले की लिहायची.

४ डिसेंबर, बुधवार

खोली मिळाली. मंगळवार पेठेत अंबूबाई म्हणून एक मावशी आहेत, त्यांच्या घराची मागची बाजू. मावशींचा स्वभाव खणखणीत. भाड्याचं सोडून सगळं विचारलं.

आज काम समजून घेतलं. गावातल्या केंद्रांवरचे कॉम्प्युटर सगळे विंडोजचे, आपला सर्व्हर लिनक्सचा. दोघांची पत्ता सांगायची पद्धत वेगळी. विंडोज आधी ड्राइव्हचं अक्षर सांगतं आणि मग एकेका फोल्डरमध्ये उलटी तिरकी रेघ देत आत जातं. लिनक्सला ड्राइव्ह ठाऊकच नाही, त्याचं सगळं एकाच मुळापासून निघतं आणि रेघ सुलटी. एकाने सांगितलेला पत्ता दुसऱ्याला कळत नाही, आणि फाइल सापडली नाही तर पावती निघत नाही.

या दोघांच्या मधे जो प्रोग्राम बसला आहे, त्याचं नाव साकव. केंद्राचा पत्ता घेतो, सर्व्हरला कळेल असा करून देतो, उत्तर येताना परत उलटं. हा स्नेहलने लिहिला. ती राधानगरीकडच्या वाडीतली, शाळेत जायला ओढ्यावरचा साकव, लहानसा लाकडी पूल, ओलांडायला लागायचा म्हणून हे नाव. ही गोष्ट मला सरांनी सकाळी सांगितली, जेवताना सांगितली आणि जाताना पुन्हा सांगितली.

मी साकवचा कोड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. खोटं कशाला लिहू, चूक शोधायला म्हणूनच वाचला. एकही सापडली नाही. अवघड जागी तिने शेजारी टिपण लिहिलं आहे, ‘इथे पाय जपून.’ वाचून संपवलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

९ डिसेंबर, सोमवार

आज माझी पार शोभा झाली.

शुक्रवारी मी मुरगूडच्या केंद्रासाठी साकव बाजूला काढून स्वतःचा छोटा प्रोग्राम बसवला होता. म्हटलं, आपल्या गावापासून सुरुवात करू, सरांना दाखवू की हे काम स्नेहलशिवायही होतं. माझ्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित चाललं. चालणारच, लॅपटॉप विंडोजचा. आज सकाळी केंद्रावर तो पहिल्यांदा चालू झाला आणि ऐन गर्दीच्या वेळी बोंब झाली. लिनक्सला ती उलटी रेघ म्हणजे नावातलं एक साधं अक्षर वाटतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्यामुळे फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात पावती असं न होता अख्ख्या पत्त्याचं लांबलचक नाव असलेल्या सुट्या फायलींचा ढीग पडला. केंद्राला त्यातली एकही सापडेना. लोक कॅन घेऊन रांगेत उभे आणि प्रिंटर गप्प.

त्या रांगेत माझी आईही होती. घरी आल्यावर फोन करून म्हणाली की माज्या, चिमणाबाईच्या नावाची पावती आजपतुर कधी चुकली न्हवती. तिला सांगायचा धीर झाला नाही की तुझ्या लेकीचाच प्रताप आहे.

अमीनभाईंनी साकव परत लावला आणि धडाधड पावत्या निघाल्या. सर माझ्यावर ओरडले नाहीत. ते एवढंच म्हणाले की साकव हाय न्हवं, मग वड्यात कशाला उतरतीस पोरी? ओरडले असते तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी अमीनभाईंशी बोलताना ऐकलं, स्नेहल असती तर असं झालं नसतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज अमीनभाईंना विचारलं की ही सुट्टी संपणार कधी. त्यांनी आधी टाळलं, मग सांगितलं.

स्नेहल गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात गावी निघाली होती. तिची स्कूटर धरणाच्या रस्त्याला सापडली, ती सापडली नाही. पाण्यात शोधलं, रानात शोधलं. सर मात्र ती गेली असं कोणाला म्हणू देत नाहीत. तिचं टेबल आहे, पेला आहे, सर्व्हरवर तिचं फोल्डर आहे. साकवमध्ये तिचाच पत्ता लिहिलेला असल्यामुळे सगळ्या केंद्रांचे सकाळचे अहवाल अजून तिच्याच फोल्डरमध्ये जाऊन पडतात. सर आल्या आल्या ते उघडून वाचतात.

ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण चार वाजता सरांनी तिच्या पेल्यात दूध ओतलं आणि माझा काचेचा ग्लास भरायला विसरले, तेव्हा माझं सगळं वाईट वाटणं निघून गेलं. जिवंत बाई असती तर तिच्याशी भांडता आलं असतं, तिच्यापेक्षा चांगलं काम करून दाखवता आलं असतं. हिच्या बरोबरीला कसं जायचं? मी तिचा हेवा करते आहे हे मला दिसतंय, आणि तरी करते आहे.

१८ डिसेंबर, बुधवार

आजचा दिवस माझा.

गेले काही दिवस केंद्रांच्या अहवालातल्या चुका मी काढते आहे. पण त्या अहवालावर पत्ता स्नेहलचा. सर ते उघडतात आणि म्हणतात, बघा, स्नेहलनं काय काम करून ठेवलंय. मी प्रिंटरशेजारी बसून ऐकायचं.

लिनक्समध्ये एक सोय असते, तिला लिंक म्हणतात. पाटी एकाच्या नावाची, पण दार उघडलं की दुसऱ्याच्याच खोलीत जायचं. अमीनभाईंनीच ती मला गेल्या आठवड्यात दाखवली होती. आज ते नमाजाला गेले तेव्हा मी तिचं फोल्डर उचलून माझ्या फोल्डरच्या आत ठेवलं, नाव दिलं ‘जुने’. आणि तिच्या जागी तिच्याच नावाची लिंक लावली, जी माझ्या फोल्डरमध्ये उघडते. आता स्नेहलकडे जे येईल ते माझ्याकडे येईल. विंडोजवरून बघणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही, तिथे लिंक अगदी साध्या फोल्डरसारखी दिसते.

दुपारी सरांनी स्नेहलचं म्हणून उघडलं आणि माझं काम बघितलं, माझ्या नावासकट. माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले की तू लई पुढं जाशील. माझ्या नावाचा पेला कोरायला टाकतो म्हणाले. मी लाजले वगैरे नाही, मला हवंच होतं ते.

अमीनभाईंना मात्र संध्याकाळी कळलं. ते चिडले नाहीत, नुसता त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले की काढायची असंल तर हितनं, लिनक्सच्या बाजूनं काढा, नुसती पाटी निघंल. विंडोजवरनं कधी पुसू नका. त्येला ती पाटी हाय हे कळत न्हाय, ते फोल्डर समजून आत शिरतं आणि आत जे हाय ते समदं पुसतं, आणि सर्व्हरवरचं पुसलेलं कचऱ्याच्या डब्यात सुदीक सापडत न्हाय. मी मान डोलावली. जाता जाता म्हणाले की तिच्या दारातनं आता तुमचं घर दिसतंय, तेवढं ध्यानात ठेवा.

२३ डिसेंबर, सोमवार

पेला आला. ‘क्रांती’, ठळक, खाली छोटं फूल. दूध त्यातून वेगळंच लागतं.

एक विचित्र गोष्ट झाली. शनिवारी मी एक प्रोग्राम अर्धा सोडून मुरगूडला गेले होते. आज उघडला तर पूर्ण झालेला. मी केला असता त्यापेक्षा नीटनेटका. मधे एका ठिकाणी टिपण आहे, ‘इथे पाय जपून.’

अमीनभाईंची मस्करी असेल म्हणून मी त्यांना चांगलंच सुनावलं. ते शपथेवर नाही म्हणाले आणि खुर्ची माझ्यापासून थोडी लांब सरकवून बसले. सरांना तो प्रोग्राम फार आवडला. मी कौतुक घेतलं. माझ्या फोल्डरमध्ये होता, म्हणजे माझाच.

संध्याकाळी स्नेहलच्या टेबलावरचा पेला उचलायला गेले. रिकामा होता. तळाला सायीचा तुकडासुद्धा नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आज ‘जुने’ उघडून बघितलं. तिचं सगळं सामान मी तिथे ठेवलं होतं. काही नाही. रिकामं आहे. माझ्या फोल्डरमध्ये मात्र मी न केलेल्या कितीतरी फायली आहेत.

काल खोलीवर गेले तर अंबूबाई दारातच म्हणाल्या की तुजी मैत्रीण येऊन गेली की. दुपारी आली, मावशींच्या हातची आमटी खाल्ली, भांडी घासली, माझ्या खाटेवर जरा पडली आणि गेली. लई लाघवी पोरगी, म्हणाल्या, तुज्यासारखी घुमी न्हाय. नाव काय म्हणाली तर स्नेहल.

खाटेवरची माझी चादर ओली होती. दारापासून खाटेपर्यंत ओली पावलं, अजून वाळली नव्हती. बाहेर तर डिसेंबरचं कोरडं ऊन.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याआधी मनात आलं की मावशींनी मला एवढ्या दिवसांत एकदा तरी आमटी वाढली का?

३० डिसेंबर, सोमवार

या शनिवारी मुरगूडला गेले नाही, कामात अडकले. आज आईला फोन केला तर तिने विषयच दुसरा काढला. स्नेहल येऊन गेली म्हणे, काल, दिवसभर होती. गोठा झाडला. म्हशीची धार काढली. ती म्हैस मला आजतागायत जवळ येऊ देत नाही, बादलीला लाथ मारते. हिच्यापुढे गुमान उभी राहिली.

आई हसत होती. म्हणाली की तुज्यापरास गुणाची हाय बघ.

स्नेहल दिसते कशी, मुरगूडचा पत्ता तिला कोणी दिला, कपडे ओले होते का, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं की तिला जेवायला ताट कुठलं दिलंस.

आई म्हणाली, तुजंच दिलं.

२ जानेवारी, गुरुवार

ट्रेमध्ये माझा पेला नव्हता. सरांना म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं — कसं सांगू — दारात अनोळखी माणूस आल्यावर बघतात तसं. म्हणाले, पावणं, कुणाकडं आलाय?

मस्करी वाटली. मी हसलेसुद्धा. ते हसले नाहीत, पुढे निघून गेले.

प्रिंटरशेजारच्या माझ्या खुर्चीवर कागदांचे गठ्ठे ठेवले आहेत. मी ते खाली ठेवून बसले. अमीनभाईंनी येऊन ते उचलून पुन्हा खुर्चीवर — मी बसलेली असताना — माझ्या मांडीवर. त्यांची नजर माझ्यावरून गेली, थांबली नाही.

लिंक काढायची ठरवली. आजच. पण लिनक्सच्या बाजूने सर्व्हर मला आत घेत नाही. या नावाचं कोणी नाही, असं उत्तर देतो. अमीनभाईंना हाका मारल्या. घसा बसला.

विंडोजवरून मात्र माझं फोल्डर अजून दिसतंय. या लॅपटॉपवर आधीपासून उघडलेलं आहे म्हणून. लॅपटॉप बंद करायचा नाही.

६ जानेवारी, सोमवार

खिडकीजवळच्या कीबोर्डवरचं कापड कोणीतरी काढून ठेवलं आहे. टेबलाखाली फरशीवर पाणी.

आईला फोन लावला. कोण बोलतंय, म्हणाली. मी क्रांती, म्हटलं. कोण क्रांती? मी म्हटलं, आई, अगं मी, तुझी लेक.

मागे कोणीतरी बादली ठेवली. आई त्या बाजूला तोंड करून काहीतरी बोलली, मग मला म्हणाली की माजी लेक हितं घरात हाय बाई, तुमी नंबर चुकलाय.

किती प्रेमाने म्हणाली, माझी लेक. मला कधी अशी —

संध्याकाळी स्नेहलच्या नावाच्या फोल्डरमध्ये एक नवा फोटो आला. आमचा गोठा. आई, म्हैस, आणि मधे ती, माझा हिरवा स्वेटर घालून. केसांतून पाणी गळतंय. आई पदराने तिचं डोकं पुसते आहे. आई फोटोत कधी हसत नाही. यात हसते आहे.

नोकरी घे. टेबल घे, पेला घे, सरांचं कौतुक घे. आई नाही. आई देणार नाही.

७ जानेवारी, मंगळवार, सकाळ

पुसलं.

आल्या आल्या स्नेहलचं फोल्डर निवडलं आणि पुसून टाकलं. लॅपटॉपने विचारलं, कायमचं पुसायचं का. हो. हो म्हटलं. फार बरं वाटलं. पट्टी हळूहळू पुढे सरकते आहे. पुसली जाणारी नावं एकेक करून दिसतात —

अहवाल. माझे.

आईचे फोटो — हे कशाला —

अमीनभाईंनी सांगितलं होतं. विंडोजवरनं पुसू नका. आत शिरतं. पाटी तिची आणि खोली — मी स्वतः — माझंच मी —

थांबत नाही. रद्द करा म्हणते, ऐकत नाही. नेट काढलं, तरी पट्टी पुढेच.

‘जुने’ गेलं. पुण्याचं सगळं गेलं. पुण्यात मी कुठे राहत होते — आठवत नाही

सर आज सकाळीच दुधाचा ट्रे घेऊन आले. पेले बरोबर जेवढी माणसं तेवढे. खिडकीजवळ जाऊन एक ठेवला. आलीस होय, म्हणाले. किती वाट बघितली, म्हणाले. अमीनभाई रडताहेत

ती खिडकीजवळून माझ्याकडे बघते आहे. या खोलीत तेवढी तीच बघते. रागाने नाही. पाय जपून, म्हणाली

मुरगूड गेलं. आता र वर आलंय. रोजनिशी हीच

एकच लिहून ठेवते, बाकी काही नको. आईचं नाव. पावतीवर छापलेलं असतं, कधी चुकलं नाही, तिचं नाव आहे

तिचं नाव